ए.कु.मॅ. म्हणजे मालक नव्हे, गुरुजी

देवगड तालुक्यातल्या एका गावातून निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं पत्र आलं आहे. वय ७४. आजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं घर, पुढे खळं, मागे मांगर, मळ्यातली थोडी भातजमीन आणि कातळावरची हापूसची कलमं, हे सगळं वाडवडिलांचं. आजोबा १९५१ साली गेले, वडील १९८३ साली. तेव्हापासून सातबाऱ्यावर एकट्या गुरुजींचं नाव, पुढे 'ए.कु.मॅ.' असा शेरा. भाऊ मुंबईला गिरणीत होता, तो आता हयात नाही. त्याची बायको आणि दोन मुलगे गणपतीला येतात, पाच दिवस राहतात आणि जातात. एक बहीण, १९७८ साली लग्न होऊन मालवणकडे गेलेली. आई नाही. १९९१ साली गुरुजींनी पगारातून शेजारची २२ गुंठ्यांची बाग विकत घेतली. थोरला मुलगा डोंबिवलीला, मुलगी रत्नागिरीला, धाकटा गावात राहून सगळ्या बागा सांभाळतो.

गुरुजी लिहितात, "सगळं धाकट्याच्या नावे करायचं ठरवलं आहे. थोरल्याला डोंबिवलीचा ब्लॉक घेताना मी मदत केली, त्याला गावचं काही नको. मुलीचं लग्न थाटात केलं, तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतो. सौ. म्हणते, आत्ताच कशाला, आमच्या मागे पोरां काय ता बघतली. माझा प्रश्न एवढाच की मृत्युपत्र रजिस्टर करावंच लागतं का?"

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत संपतं. नाही, सक्ती नाही. साध्या कागदावर लिहून, खाली तुमची आणि दोन साक्षीदारांची सही असली तरी मृत्युपत्र होतं. स्टँप लागत नाही. रजिस्टर केलेलं बरं, त्याचं कारण पुढे सांगते.

पण तुम्ही न विचारलेला प्रश्न मोठा आहे, आणि तो त्या तीन अक्षरांत दडला आहे. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तुमच्या पिढीतल्या कितीतरी सातबाऱ्यांवर हा शेरा आहे. वडील गेले की तलाठी विचारायचा, गावात कोण असतं? जो असेल त्याचं नाव लागायचं, बाकीचे चाकरमानी आणि सासरी गेलेल्या बहिणी त्या शेऱ्यात गडप. चाळीस वर्षं शेतसारा तुम्ही भरलात, गडगे तुम्ही घातलेत, फवारणीला माणसं तुम्ही लावलीत. आपलंच आहे असं वाटणं साहजिक आहे. कायद्याने मात्र तुम्ही त्या जमिनीचे व्यवस्थापक आहात, आणि तिचा एक हिस्सा तेवढा तुमचा आहे.

किती हिस्सा? आजोबा १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येण्यापूर्वी गेले, म्हणजे त्यांच्याकडून आलेली जमीन तुमच्या वडिलांच्या हाती वडिलोपार्जितच होती. तिचे आज तीन वाटे: एक तुमचा, एक तुमच्या भावाच्या बायकोचा आणि मुलांचा मिळून, एक बहिणीचा. गावात कोणीतरी तुम्हाला सांगेल की १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलीला वाटा नसतो. हे अर्धवट ज्ञान आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये केलेल्या दुरुस्तीत लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, हे खरं. पण ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला, लग्न कधीही झालेलं असो. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं कोर्टांत घोळ चालला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात तो मिटवला: वडील हयात असण्याची गरज नाही. तुमचे वडील १९८३ ला गेले म्हणून बहिणीचा हक्क बुडाला, असं होत नाही.

आता तुमचा तिसरा हिस्सा. तोही वडिलोपार्जित असल्यामुळे त्यात तुमच्या तिन्ही मुलांचा जन्मापासून वाटा आहे, आणि वाटप झालं तर वहिनींनाही, म्हणजे तुमच्या सौ.ना, मुलाइतका वाटा मिळतो. म्हणजे त्या तिसऱ्या हिश्शाचे पाच भाग. मृत्युपत्राने तुम्ही देऊ शकता तो तुमचा एक भाग. गणिताचे गुरुजी असाल तर हिशेब झालाच असेल: पंधरावा हिस्सा. जुन्या कलमांच्या शंभर झाडांमागे सहा-सात झाडं.

हे वाचून तुम्ही चष्मा काढून ठेवला असणार, कल्पना आहे मला. नेमका आकडा कागद पाहून वकील सांगेल, त्यात थोडं इकडेतिकडे होईल. पण 'सगळं धाकट्याला' हे वाक्य मृत्युपत्रात लिहिलंत तर त्यातलं बरंचसं नुसतं शाईत राहील. उलट तुमच्या मागे धाकट्याच्या हातात एक असा कागद असेल जो दाखवला की आत्या, काकू आणि चुलतभाऊ एकदम उभे राहतील. मी रत्नागिरीच्या कोर्टात बरीच वर्षं दिवाणी दावे चालवले. वाटपाच्या दाव्यात आलेली अशी मृत्युपत्रं मी पाहिली आहेत, लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

१९९१ ची बाग मात्र वेगळी. ती तुम्ही विकत घेतली, खरेदीखत तुमच्या नावावर, पैसा पगाराचा. ती स्वकष्टार्जित. ती तुम्ही कोणालाही देऊ शकता, धाकट्याला, वहिनींना, गावच्या शाळेलाही. तेवढं एक जपा: पैसा पगारातूनच आला याचा पुरावा एकत्र करून ठेवा. त्या वर्षाचं पासबुक, शिक्षक सोसायटीचं कर्ज काढलं असेल तर त्याची पावती. नाहीतर उद्या पुतण्या म्हणेल, ही बाग सामाईक कलमांच्या उत्पन्नातून घेतली, आणि तो काही अगदीच वेड्यासारखं बोलत नसेल.

तेव्हा पहिलं काम मृत्युपत्राचं नाही. पहिलं काम ताज्या सातबाऱ्यांची चळत घेऊन बसण्याचं आहे. आपल्याकडे गट नंबर कमी आणि सर्व्हे-हिस्साच जास्त, तीन-चार गुंठ्यांचे तुकडे, एखादा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा. प्रत्येक उताऱ्यावर फेरफारांचे, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदींचे, नंबर असतात. १९८३ नंतरचा पहिला फेरफार काढा. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळेल. त्यात वारसांची नावं सांगितली होती की नाही, कोणी सही केली, हे कळेल. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव किंवा कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा आहे का, तेही पाहा. कुळकायद्यातून आलेल्या जमिनीच्या हस्तांतरावर अटी असतात. ग्रामपंचायतीची घरपट्टी तुमच्या नावे येते म्हणून घर तुमचं, असंही समजू नका. तो कराचा कागद आहे. सातबाराही शेवटी महसुलाचाच कागद, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे.

मग तीन ढीग करा. सामाईक. स्वतःचं. बँक-पोस्टाचं.

सामाईक ढिगाला मृत्युपत्राचा उपयोग थोडा, वाटपाचा जास्त. मोजणी करून सगळ्यांच्या संमतीने वाटपपत्र रजिस्टर करता येतं, किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. संमती नसेल तर दिवाणी दावा, आणि तो टाळण्यासाठीच ही सगळी धडपड. धाकट्याने कातळावर नवी कलमं लावली असतील तर वाटपात तो तुकडा तुमच्या शाखेकडे घ्या आणि आत त्याच्या वाट्याला घाला. बाकीचे बहुतेक वेळा हे मान्य करतात, कारण कातळावर पाणी डोक्यावरून नेऊन झाड कोणी जगवलं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. मान्य करत नाहीत ते 'तुला काही नाही' हे वाक्य.

आता मुलीकडे येऊ. 'हक्कसोड लिहून घेतो' या वाक्यात मला दोन अडचणी दिसतात. पहिली कायद्याची. तुमच्या १९९१ च्या बागेवर तुमच्या हयातीत तिचा कसलाच हक्क नाही, आहे ती नुसती आशा. नसलेला हक्क सोडता येत नाही, त्यामुळे त्या बागेपुरता तो कागद पोकळ. सामाईक जमिनीतला तिचा हक्क मात्र खरा आहे, तो तिला सोडायचा असेल तर रजिस्टर्ड हक्कसोडपत्रच लागतं. साध्या कागदावरची सही किंवा तलाठ्यापुढचा जबाब पुरत नाही.

दुसरी अडचण कायद्याची नाही. तिला विचारलं का तुम्ही? 'लिहून घेतो' असं म्हणता, 'लिहून देईल का विचारतो' असं नाही. लग्न थाटात केलं म्हणता, ते तर थोरल्याचंही केलं असेल. मी ज्या बहिणींना हक्कसोडावर सही करताना पाहिलं, त्यांतल्या बऱ्याच जणी आनंदाने करत होत्या. त्यांची अट एकच असायची, कागदावर न लिहिलेली: मे महिन्यात मुलांना घेऊन आले तर माजघरात झोपायला जागा असावी. काही जणी मात्र भावाच्या गाडीतून आल्या, सही केली, आणि त्या दिवसापासून माहेर तुटलं. फरक एवढाच होता की पहिल्या जणींना आधी कोणीतरी विचारलं होतं. थोरल्याचंही तेच. 'त्याला गावचं काही नको' हे त्याचं बोलणं की तुमचा अंदाज? डोंबिवलीचा माणूस गावची जमीन मागत नाही, पण चतुर्थीला आपल्या घरी गणपती येणार आणि आपण पाहुणे म्हणून जाणार, हे त्याला बोचू शकतं.

वहिनींचं नाव तुमच्या बेतात मला कुठे दिसलं नाही. तुमच्या मागे त्या राहणार कुठे, आंब्याच्या हंगामाचे पैसे कोणाच्या हातात पडणार? कुटुंब निवृत्तिवेतन त्यांना नियमानेच मिळेल, ते मृत्युपत्रातून देण्याची गोष्ट नाही. पण बाग धाकट्याला देताना 'आईच्या हयातीत उत्पन्न आईला' असं लिहिता येतं, किंवा बागच त्यांना देऊन पुढे त्यांनी ठरवावं असंही करता येतं. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. धाकटा चांगला आहे म्हणता, मग दहा वर्षं थांबेल.

बँकेत धाकट्याला नॉमिनी केलं म्हणजे झालं, असं समजू नका. नॉमिनी पैसे घेतो, पण वारसांच्या वतीने. मालक ठरतो तो मृत्युपत्राने किंवा कायद्याने. शेअर आणि डिबेंचरबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, त्याने सोय वाढली, कायदा तोच आहे.

"मग आत्ताच बक्षीसपत्र करून टाकू का?" असं कोणीतरी सुचवेल, बहुधा धाकट्याचा सासरा. नको. बक्षीसपत्र केलं की बाग त्या दिवशी तुमच्या हातून गेली. सांभाळ करण्याच्या अटीवर दिली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ आहे. पण त्या वयात मुलाविरुद्ध प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या चढायला कोणाला आवडेल? मृत्युपत्र तुमच्या मरणापर्यंत तुमच्या खिशात राहतं. मन बदललं की नवं करा, शेवटचं चालतं.

कसं करायचं ते आता. इथे थोडं माझ्या घरचं सांगते, कारण त्यात माझीच चूक आहे. माझ्या वडिलांनी १९९८ साली मृत्युपत्र लिहिलं. सुरेख अक्षर, प्रत्येक पानावर सही. साक्षीदार म्हणून संध्याकाळी देवळाच्या पारावर बसणारे दोन सोबती, दोघंही वडिलांपेक्षा वयाने मोठे. वडील २०११ साली गेले तेव्हा दोघंही त्यांच्या आधी गेलेले. चुलत घराण्यातून हरकत आली आणि मृत्युपत्र शाबीत करायची वेळ आली. साक्षीदारांपैकी निदान एकाने कोर्टात येऊन सांगावं लागतं. कोणीच नसेल तर सह्या ओळखणारा शोधावा लागतो. एका साक्षीदाराचा मुलगा आला, खाकी पिशवीतून वडिलांचं दूध सोसायटीचं पावतीबुक घेऊन. त्या पावत्यांवरच्या सह्या आणि मृत्युपत्रावरची सही. तो माणूस पिंजऱ्यात उभा राहून ते पुस्तक उलटत होता तेव्हा त्याचे डोळे भरून आले. त्याच्या वडिलांनी रोज सकाळी साडेपाचला केलेल्या सह्या होत्या त्या. मी वकील, आणि १९९८ साली वडिलांना 'साक्षीदार तरुण घ्या' एवढं सांगायला मला जड गेलं होतं, मरणाचा विषय काढायचा कसा म्हणून.

तर साक्षीदार तुमच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान, गावातलेच, बाग ज्याला मिळणार त्याच्या घरचे नकोत. तुमचा एखादा विद्यार्थी असेल तर उत्तम, तुमच्याकडे काय कमी असतील! दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलं पाहिजे किंवा सही माझी आहे असं तुम्ही त्यांना सांगितलं पाहिजे, आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. मजकूर त्यांनी वाचायची गरज नाही. मिळकतीचं वर्णन गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, चतुःसीमा असं पूर्ण लिहा. 'बावीजवळची बाग' असं लिहू नका, बाव तुमच्या वाडीत चार निघतील. त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला घ्या, की मन ठिकाणावर आहे. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा एक व्यवस्थापक नेमा. तो थोरला असेल तर बघा, त्याच्या हातात काम दिलं की मान राहतो.

बाग धाकट्याला देताय याचं कारण दोन ओळींत लिहा. 'थोरल्या मुलास घर घेताना अमुक साली मदत केली, मुलीस अमुक दिले, धाकट्याने बाग जोपासली.' वगळलेल्याचं नावसुद्धा न लिहिलेलं मृत्युपत्र संशयास्पद वाटतं. आणि या सगळ्यात धाकट्याला लांब ठेवा. ज्याला मिळणार त्यानेच वकील ठरवला, साक्षीदार आणले, वडिलांना मोटारसायकलवर बसवून कचेरीत नेलं, हे उलटतपासणीत फार वाईट दिसतं. तुम्ही एसटीने जा.

रजिस्टर का करावं? दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं मृत्युपत्र हरवत नाही, आणि तुम्ही त्या दिवशी स्वतः हजर होतात हे दिसतं. खोटं ठरू शकतच नाही असं मात्र नाही. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची, धास्ती तुम्हाला कोणी घातली असेल तर विसरा. ती मुंबई हद्दीची कटकट होती, डिसेंबर २०२५ मध्ये ती सक्तीही गेली. देवगडच्या बागेसाठी प्रोबेटची सक्ती नाही. तुमच्या मागे वारसांनी तीन महिन्यांत वर्दी द्यायची आणि फेरफार घालून घ्यायचा. वारसनोंदीला चाळीस वर्षं लावण्याची आपल्या गावांची परंपरा तुमच्या घरात तरी मोडू दे.

इतर वाचकांसाठी दोन वाक्यं, कारण किनारपट्टीवर सगळ्यांना एकच कायदा नाही. मुस्लिम व्यक्तीला वसीयत साधारणपणे एक तृतीयांश मिळकतीपुरती करता येते, बाकी वारसांच्या ठरलेल्या हिश्शांनी. आणि बांद्याच्या पलीकडे सगळंच निराळं: गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याच्या वळणाने चालतं, मुलंबाळं असतील तर अर्धी मिळकत त्यांच्यासाठी राखीव. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या ज्या घरांची सोयरीक गोव्यात आहे त्यांनी तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय काही लिहू नये.

वहिनी म्हणतात पोरां बघतली. पोरं बघतील, पण त्यांना काय बघायला मिळणार ते तुम्ही ठरवा. गणपतीत मात्र हा विषय काढू नका. घरात बावीस माणसं, आरतीला उशीर झालेला, कोणीतरी उकडीच्या मोदकाच्या कळ्यांवरून रुसलेलं, त्यात सातबारा नको. मे महिना त्याहून वाईट, पेट्यांचे हिशेब चालू असतात. दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर, एकेकाला फोन करा. पहिला बहिणीला. धाकट्याकडून लावून घ्या हवं तर, पण बोला तुम्ही, आणि सुरुवात १९८३ च्या फेरफारापासून करा: तुझं नाव तेव्हा लावायचं राहिलं, ते आता लावतोय.